मार्कडाउन ते एचटीएमएल: मराठी मजकुराची वेबसाइट बिल्ड करताना

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एखाद्या चादर-टॉवेलच्या कारखान्याचं कॅटलॉग मार्कडाउनमध्ये, म्हणजे साध्या मजकुरात फुली, हॅश अशा खुणा टाकून, लिहायला घेतलं, की पहिल्याच पानावर अशी एखादी ओळ येते:

```
सिंगल ६०*९०, डबल ९०*१०० इंच
```

बिल्ड (मजकुराची एचटीएमएल पानं बनवण्याची क्रिया) चालतो, एकही एरर येत नाही, फाइल सर्व्हरवर जाते. पानावर मात्र ‘सिंगल ६०९०, डबल ९०१०० इंच’ असं दिसतं आणि मधला तुकडा तिरका झालेला असतो. दोन फुल्यांच्या मधला मजकूर तिरका करायचा, हा मार्कडाउनचा नियम आहे. फुली अंकांना चिकटलेली असली तरी तो लागू होतो. माप वाचून ऑर्डर देणाऱ्या गिऱ्हाइकाला हे कसं कळावं?

या कामातली खरी अडचण हीच आहे. मार्कडाउनमध्ये व्याकरणाची चूक असा प्रकारच नाही. काहीही लिहा, कन्व्हर्टर त्याचं काहीतरी एचटीएमएल करून देतोच. त्यामुळे रूपांतराची कमांड लिहायला पाच मिनिटं पुरतात. उरलेलं सगळं काम चुका बिल्डच्या वेळीच पकडण्याचं असतं, आणि मराठी मजकुरात त्या इंग्रजीपेक्षा जास्त होतात. उदाहरण म्हणून इथे चादर-टॉवेलचं कॅटलॉग घेतलं आहे. महाविद्यालयाची, पतसंस्थेची किंवा शेंगाचटणीच्या दुकानाची साइट असली तरी पायऱ्या याच.

आधी बोली ठरवा

मार्कडाउन जॉन ग्रुबर यांनी २००४ मध्ये आणलं. त्यांच्या मूळ वर्णनात बऱ्याच जागा मोकळ्या होत्या आणि प्रत्येक कन्व्हर्टरने त्या आपापल्या परीने भरल्या. २०१४ मध्ये कॉमनमार्क आलं आणि नियम एकेक करून लिहिले गेले. तक्ते कॉमनमार्कमध्ये नाहीत. ते गिटहबच्या बोलीत, म्हणजे जीएफएममध्ये आहेत. पॅनडॉक या कन्व्हर्टरची स्वतःची बोली आणखी निराळी आहे.

फरक कागदावर बारीक वाटतो, पानावर ठळक दिसतो. ओळीखाली मोकळी ओळ न सोडता लगेच डॅश टाकून यादी सुरू केली, तर कॉमनमार्क ती यादी मानतं. पॅनडॉकच्या मूळ बोलीत तीच यादी वरच्या परिच्छेदात मिसळून जाते. ‘#चादरी’ असं हॅशला चिकटवून लिहिलं तर जुने कन्व्हर्टर त्याचं शीर्षक करत, कॉमनमार्क करत नाही. म्हणून लिहिणाऱ्यांसाठी एक नियम पक्का करा: हॅशनंतर एक स्पेस, आणि शीर्षक, यादी, तक्ता यांच्या आधी व नंतर एक मोकळी ओळ. एवढं पाळलं की मजकूर बहुतेक बोलींत सारखाच उतरतो.

या लेखात नोडवर (जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या साधनावर) चालणारा मार्कडाउन-इट हा कन्व्हर्टर धरला आहे. तो कॉमनमार्क पाळतो, तक्ते त्यात आधीपासून चालू असतात आणि मधल्या पायऱ्या आपल्या हातात राहतात. ह्यूगो हे साइट बनवण्याचं तयार साधन वापरणाऱ्यांना त्यात गोल्डमार्क हा कन्व्हर्टर मिळतो, तोही कॉमनमार्कवरच आहे, त्यामुळे पुढचं बहुतेक सगळं त्यांनाही लागू आहे. पन्नासेक पानं असतील आणि स्क्रिप्ट लिहायची नसेल तर पॅनडॉक आणि मेकफाइल (चालवायच्या कमांड लिहून ठेवलेली फाइल) पुरतं. मात्र पॅनडॉकला बोली म्हणून जीएफएम सांगा. स्टँडअलोनचा पर्याय दिला नाही तर तो पूर्ण पान देत नाही, नुसता आतला तुकडा देतो. मेकफाइलमध्ये कमांडच्या ओळीआधी टॅबच हवा, आठ स्पेस चालत नाहीत.

मांडणी

चार फोल्डर पुरतात: मजकूर, साचे, फोटो आणि तयार साइट. चौथ्या फोल्डरमध्ये हाताने काहीही बदलायचं नाही, आणि प्रत्येक बिल्डच्या सुरुवातीला तो पूर्ण रिकामा करायचा. तसं केलं नाही तर बंद केलेल्या मालाची पानं महिनोन्‌महिने सर्व्हरवर राहतात आणि जुना भाव बघून फोन येत राहतात. फक्त बदललेल्याच फाइल्स बिल्ड करण्याच्या मागे लागू नका. शंभर-दोनशे पानं काही सेकंदांत होतात. उलट साचा बदलला आणि जुनी पानं तशीच राहिली, की गोंधळ होतो.

फाइलची नावं रोमन लहान अक्षरांत ठेवा, शब्दांमध्ये डॅश. देवनागरी नाव चालतं, पण पत्त्यात प्रत्येक अक्षरचिन्ह तीन बाइटचं होतं आणि पर्सेंट खुणांसह नऊ कॅरेक्टर खातं. नुसत्या ‘चादर’ या शब्दाचे छत्तीस होतात. तो पत्ता व्हॉट्सॲपवर पाठवून बघा, वाचवत नाही.

स्क्रिप्टचा क्रम असा: फाइल वाचणं, मजकूर स्वच्छ करणं, वरची माहिती वेगळी काढणं, रूपांतर, दुवे बदलणं, साच्यात बसवणं, लिहिणं, तपासणं. क्रम महत्त्वाचा आहे. दुवे रूपांतरानंतरच बदला. लिहिणारा मजकुराच्या दुसऱ्या फाइलचा दुवा देतो, तयार साइटवर तिथे एचटीएमएल पान असतं. कच्च्या मजकुरात शोधा-बदला केलं तर कोडच्या नमुन्यातली नावंही बदलतात. मार्कडाउन-इट आधी टोकनची, म्हणजे ओळखलेल्या तुकड्यांची, यादी देतो. त्यातल्या फक्त दुव्याच्या टोकनमधला पत्ता बदलला की काम नेमकं होतं.

स्वच्छ करण्याची पायरी

मजकूर वर्ड, व्हॉट्सॲप आणि डीटीपीवाल्याकडून येतो. तिन्हींचे दोष वेगळे.

डीटीपीतून आलेला मजकूर श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमधला असेल, तर तो मुळात देवनागरी नसतोच. खाली रोमन अक्षरं असतात, फॉन्ट त्यांना देवनागरीचा चेहरा देतो. आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या आणि जोडाक्षरं, रफार आणि पहिली वेलांटी माणसाकडून वाचून घ्या. बदलताना जास्तीत जास्त चुका तिथेच राहतात.

वर्डमधून न तुटणारी स्पेस येते. दिसायला ती साध्या स्पेससारखीच, पण हॅशनंतर ती असेल तर शीर्षक होत नाही. ती सगळीकडे साध्या स्पेसने बदला. फाइलच्या तोंडाशी बीओएम ही न दिसणारी खूण असेल तर काढा. नाहीतर काही साधनांना पहिल्या ओळीतली खूण ओळीच्या सुरुवातीला आहे असं वाटतच नाही. विंडोजच्या ओळशेवटाच्या दोन कॅरेक्टरच्या जागी एकच करा, म्हणजे डॅशच्या ओळी शोधणारी स्क्रिप्ट फसत नाही. मग सगळा मजकूर एनएफसी या युनिकोड रूपात आणा.

इथे एक धोका आहे. इंग्रजीसाठी लिहिलेल्या स्वच्छतेच्या स्क्रिप्ट ‘न दिसणारी सगळी कॅरेक्टर’ सरसकट उडवतात. त्यात झीरो विड्थ जॉइनर, म्हणजे जोडाक्षराचं रूप ठरवणारं न दिसणारं कॅरेक्टर, तेही जातं. काही कीबोर्डवरून ‘गिऱ्हाईक’ लिहिताना र, हलन्त आणि जॉइनर असे टाइप होतात. जॉइनर गेला की त्याचं ‘गिर्हाईक’ होतं, आणि सगळ्या साइटभर अर्धा र रफार होऊन डोक्यावर चढतो. म्हणून जॉइनर उडवू नका. उलट र, हलन्त, जॉइनर या तिकडीच्या जागी नुक्त्याचा ऱ आणि हलन्त टाका, म्हणजे शोधातही एकच रूप राहतं. ॲ हे अक्षरही दोन प्रकारे टाइप होतं, तेही एका रूपात आणा. ही दोन कामं एनएफसी करून देत नाही.

फाइलच्या वरची माहिती

तीन डॅशच्या दोन ओळींमध्ये यामलमध्ये, म्हणजे ‘नाव: माहिती’ अशा ओळींच्या पद्धतीत, शीर्षक, भाव, भाषा वगैरे लिहितात. नोडमध्ये ग्रे-मॅटर नावाचं पॅकेज ते वेगळं काढून देतं. ‘शीर्षक: चादर: दोन पदरी’ असं लिहिलं तर दुसऱ्या कोलनवर यामल अडतं. निदान एरर तरी येतो. ‘रंग: लाल #३’ यात मात्र स्पेसनंतरच्या हॅशपासून पुढचं सगळं टिप्पणी समजलं जातं आणि नुसतं ‘लाल’ उरतं, तेही गुपचूप. कोलननंतरचा मजकूर नेहमी अवतरणात लिहा. भाव याच्या उलट: तो इंग्रजी अंकांत, अवतरणाशिवाय. देवनागरी अंक यामलला शब्द वाटतात, आणि शब्दांच्या क्रमाने लावलं तर १२०० हे ४५० च्या आधी येतात. पानावर दाखवताना साच्यात देवनागरी करून घ्या.

कन्व्हर्टरची बटणं

मार्कडाउन-इटमध्ये एचटीएमएल टॅग जसेच्या तसे जाऊ देण्याचं बटण मुळात बंद असतं. ते बंदच ठेवा. मजकूर घरचा असला तरी कुठून तरी चिकटवलेला टॅग पानाची मांडणी मोडतो, आणि बाहेरच्यांचा मजकूर घेत असाल तर प्रश्न सुरक्षेचाच होतो. टॅग खरोखर हवे असतील तर बटण चालू करा, पण धोकादायक टॅग आणि दुवे काढण्याची ही स्वच्छता रूपांतरानंतरच्या एचटीएमएलवर करा. आधी करून उपयोग नाही, कारण धोकादायक दुवा मार्कडाउनच्या खुणेतूनही तयार होऊ शकतो. टॅगचं बटण चालू असेल तर डिव्हच्या आतला मार्कडाउन तेव्हाच बदलतो, जेव्हा डिव्हच्या ओळीनंतर एक मोकळी ओळ असते.

ओळ तुटली की पानावरही तोडण्याचं बटण बंद ठेवा. पत्ता लिहिताना ओळीच्या शेवटी उलटी तिरकी रेघ द्या. दोन स्पेस देण्याची पद्धत आहे, पण बरेच एडिटर सेव्ह करताना त्या पुसतात आणि ‘नवी पेठ, सोलापूर’ वरच्या ओळीला जाऊन चिकटतं.

मराठीत जिथे घसरतं

पहिली गोष्ट अंकांची. धुण्याच्या सूचना आपण सहज अशा लिहितो:

```
१. पहिल्या धुण्याला थंड पाणी वापरा
२. गडद रंग वेगळे धुवा
३. सावलीत वाळवा
```

कॉमनमार्क यादीसाठी फक्त इंग्रजी अंक ओळखतं. वरच्या तीन ओळी एका परिच्छेदात सलग येतात. मजकुरात 1, 2, 3 लिहा आणि स्टाइलशीटमध्ये क्रमांकित यादीच्या लिस्ट-स्टाइल-टाइपला ‘देवनागरी’ ही किंमत द्या. पानावर १, २, ३ दिसतात आणि खाली खरी यादी असते, जी वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरलाही समजते.

दुसरी गोष्ट विभक्तीची, आणि ही इंग्रजी मार्गदर्शकांत सापडणार नाही. इंग्रजीत ठळक शब्दानंतर बहुधा स्पेस येते. मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटतो:

```
**“सोलापुरी चादर”**ला भौगोलिक मानांकन आहे
```

दोन्ही बाजूंना दोन-दोन फुल्या दिल्या की मजकूर ठळक व्हायला हवा, पण हे ठळक होत नाही. चारही फुल्या पानावर दिसतात. नियम असा: बंद करणाऱ्या फुल्यांच्या आधी विरामचिन्ह असेल, तर त्यांच्या नंतर स्पेस किंवा विरामचिन्हच लागतं. इथे आधी अवतरण आहे आणि नंतर ‘ला’. कंसाचंही तसंच. उपाय दोन: अवतरण फुल्यांच्या बाहेर काढा किंवा प्रत्यय आत घ्या.

```
“**सोलापुरी चादर**”ला
**“सोलापुरी चादर”ला**
```

दोन्ही बरोबर उतरतात. अंडरस्कोअर आणखी कडक आहे. ‘_चादर_ला’ हे अवतरण नसतानाही तिरकं होत नाही, कारण अंडरस्कोअर शब्दाच्या मधोमध चालत नाही. मराठी मजकुरात जोर देण्यासाठी फक्त फुली वापरायची, हा नियम करून टाका.

तिसरी व्हॉट्सॲपची सवय. तिथे एका फुलीने अक्षर ठळक होतं, मार्कडाउनमध्ये एका फुलीने तिरकं. मोबाइलवरून मजकूर पाठवणारे सगळे एकच फुली देतात. देवनागरीला तिरकं वळण मुळात नाही. ब्राउझर सरळ अक्षर ढकलून तिरपं करतो आणि मात्रा शेजारच्या अक्षरावर कलतात. म्हणून स्टाइलशीटमध्ये जोराच्या टॅगचा फॉन्ट-स्टाइल सरळ करा आणि वजन थोडं वाढवा. दोन्ही सवयींचा मजकूर मग पानावर नीट दिसतो.

मापांसाठी फुलीऐवजी गुणाकाराचं चिन्ह × वापरा. स्वच्छतेच्या पायरीत ‘अंक, फुली, अंक’ असं सापडलं की तिथे × टाकणारी एक ओळ घाला. देवनागरी आणि इंग्रजी दोन्ही अंक धरा, आणि कोडचे नमुने वगळा.

तक्त्यात शीर्षकाच्या ओळीत जितके रकाने, तितकेच खालच्या डॅशच्या ओळीत हवेत. एक कमी पडला तर तक्ता होतच नाही, उभ्या रेघांचा परिच्छेद होतो. मजकुराच्या ओळीत जास्त रकाने असले तर जास्तीचा मजकूर चुपचाप गळतो, म्हणजे शेवटचा भाव नाहीसा.

```
| माल | माप (इंच) | जीएसएम |
|---|---|---:|
| टॉवेल | ३० × ६० | ४५० |
```

शीर्षकांचे आयडी

प्रत्येक शीर्षकाला आयडी मिळाला की थेट त्या जागेचा दुवा देता येतो. शीर्षकावरून आयडी बनवणारी, इंग्रजीसाठी लिहिलेली साधी स्लग फंक्शन रोमन अक्षरांशिवाय सगळं उडवतात, त्यामुळे आयडी रिकामा येतो. थोडी सुधारलेली फंक्शन युनिकोडची ‘अक्षरं’ ठेवतात, पण मात्रा, अनुस्वार आणि हलन्त हे युनिकोडच्या हिशेबात अक्षर नाहीत, चिन्ह आहेत. मग ‘रंग’चं ‘रग’ होतं आणि ‘रांग’चंही ‘रग’च. मार्कडाउन-इटचं अँकर प्लगइन मुळात पर्सेंट खुणांचा लांबलचक आयडी देतं.

स्वतःचं फंक्शन द्या: अक्षर, चिन्ह आणि अंक हे तीन युनिकोड वर्ग ठेवायचे, स्पेसचा डॅश करायचा, बाकी काढायचं. रेग्युलर एक्स्प्रेशनला युनिकोडचा झेंडा लावायला विसरू नका, त्याशिवाय हे वर्ग चालत नाहीत. ‘माप’ हे शीर्षक एका पानावर दहा वेळा येत असेल, तर आपोआप लागणाऱ्या -१, -२ वर भरवसा ठेवू नका. मधे एक नवा माल घातला की सगळे आकडे सरकतात आणि लोकांनी जपून ठेवलेले दुवे भलत्या मालावर जातात. अशा ठिकाणी महिरपी कंसात हाताने आयडी द्या. मार्कडाउन-इटला त्यासाठी ॲट्रिब्यूटचं प्लगइन लागतं, पॅनडॉकच्या मूळ बोलीत आणि ह्यूगोत ते मुळातच येतं.

फोटो

व्हॉट्सॲपवरून उतरवलेल्या फोटोच्या नावात स्पेस असतात. मार्कडाउनच्या पत्त्यात स्पेस आली की दुवा तिथेच तुटतो आणि पानावर चौकोनी कंसांसकट सगळं छापलं जातं. नाव बदलणं सगळ्यांत बरं, नाहीतर पत्ता टोकदार कंसांत घाला. फोटोच्या नावातलं मोठं-छोटं रोमन अक्षरही जपा. विंडोजवर दोन्ही एकच असतात, लिनक्सच्या सर्व्हरवर नसतात. त्यामुळे घरी दिसणारा फोटो साइटवर दिसत नाही. मार्कडाउनमध्ये लांबी-रुंदी लिहिण्याची सोय नाही. बिल्डमध्येच फोटो लहान करून खरी लांबी-रुंदी टॅगमध्ये भरा, म्हणजे पान उघडताना मजकूर उड्या मारत नाही.

साचा आणि शहराच्या चार भाषा

साच्यात कॅरेक्टरसेटची ओळ हेडमध्ये सगळ्यांत वर ठेवा. ती फाइलच्या पहिल्या १०२४ बाइटमध्ये असावी लागते. एचटीएमएल टॅगला भाषा म्हणून मराठीचा कोड एमआर द्या. हिंदीचा कोड राहिला तर स्क्रीन रीडर मराठी मजकूर हिंदी उच्चारांत वाचतो, आणि मराठी वळणाचे ल आणि श असलेले फॉन्टही ती वळणं वापरत नाहीत. ओळींमधलं अंतर दीडपट ते पावणेदोनपट ठेवा. अक्षरांमधलं अंतर वाढवू नका, शिरोरेघ तुटते.

सोलापुरात मराठीच्या जोडीला तेलुगू, कन्नड आणि उर्दू घराघरांत आहे. पूर्व भागातल्या गिऱ्हाइकासाठी तेलुगू पान हवं असेल तर वरच्या माहितीतल्या भाषेवरून साच्याने टीई हा कोड घ्यावा, कन्नडला केएन. या दोन्हींच्या क्रमांकित याद्यांसाठीही लिस्ट-स्टाइल-टाइपमध्ये त्यांच्या नावाच्या किमती आहेत. उर्दूला यूआर आणि दिशा उजवीकडून डावीकडे. उर्दूच्या नस्तालिक वळणाच्या फॉन्टला ओळींमधलं अंतर दुपटीच्या आसपास लागतं. स्टाइलशीटमध्ये ‘डावीकडून मार्जिन’ न लिहिता ‘सुरुवातीकडून मार्जिन’ लिहिलं तर एकच शीट चारही भाषांना चालते. भाव आणि मापं मात्र चार फाइल्समध्ये वेगवेगळी लिहू नका. एका डेटा फाइलमध्ये ठेवा आणि साच्याने तिथून घ्यावीत.

तपासणी

तयार एचटीएमएलमधून कोडचे टॅग वगळून उरलेल्या मजकुरात या खुणा शोधा: जोडून आलेल्या दोन फुल्या, चौकोनी कंसाला चिकटलेला गोल कंस, परिच्छेदाच्या सुरुवातीचा हॅश, उभ्या रेघांमधले तीन डॅश, आणि परिच्छेदाच्या सुरुवातीला देवनागरी अंक व टिंब. यातलं काहीही सापडलं तर स्क्रिप्टने फाइलचं नाव आणि ओळ सांगून थांबायचं, नुसता इशारा देऊन पुढे जायचं नाही. इशारे दुसऱ्या आठवड्यापासून कुणी वाचत नाही. त्यानंतर तीन गोष्टी: आतले सगळे दुवे खऱ्या फाइलकडे आणि खऱ्या आयडीकडे जातात का, एका पानावर तोच आयडी दोनदा आला आहे का, आणि एचटीएमएल व्हॅलिडेटर काय म्हणतो.

कन्व्हर्टर आणि प्लगइनची आवृत्ती लॉक फाइलमध्ये (नेमक्या आवृत्त्यांच्या नोंदीत) बांधून ठेवा, ती फाइल गिटमध्ये, म्हणजे बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात, घाला आणि सर्व्हरवर बिल्ड करताना नोडची पॅकेजं उतरवणारी एनपीएम इन्स्टॉल ही कमांड न चालवता एनपीएम सीआय चालवा. तो लॉक फाइलमधल्याच आवृत्त्या घेतो. आवृत्ती बदलायचीच असेल तर जुन्या आवृत्तीने केलेली पूर्ण साइट एका बाजूला ठेवा, नव्या आवृत्तीने पुन्हा बिल्ड करा आणि दोन फोल्डरांचा डिफ, म्हणजे ओळीओळींतला फरक, काढा. बदललेल्या ओळी डोळ्यांखालून घाला, विशेषतः भावांचे तक्ते आणि धुण्याच्या सूचना. मगच तयार साइटचा फोल्डर सर्व्हरवर पाठवा, आणि पाठवताना नव्या नावाने पूर्ण चढवून शेवटी नाव बदला, म्हणजे अर्धी चढलेली साइट कुणाला दिसत नाही.